मुलगी वारस होती की नव्हती? इंग्लंड-फ्रान्सच्या सरदार घराण्यांची वंशावळ मांडताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाबद्दल वाचताय आणि सोबत एक्सेलमध्ये वंशावळ मांडताय. चाळीसेक नावांनंतर सगळं अडकलं. अ‍ॅक्विटेनची एलिनॉर बापामागे वारस झाली, आणि तिच्या लग्नांबरोबर फ्रान्सचा अख्खा नैर्ऋत्य कोपरा आधी फ्रान्सच्या आणि मग इंग्लंडच्या राजघराण्यात गेला. पण पावणेदोनशे वर्षांनी फ्रान्सच्या राजाची मुलगी इसाबेला, तिच्या मुलाला, इंग्लंडच्या राजाला, मात्र ‘आईकडून फ्रान्सच्या मुकुटाचा हक्क येत नाही’ असं सांगितलं गेलं. मग मुली वारस होत्या की नव्हत्या? शिवाय नात्यात लग्न चालत नव्हतं म्हणतात, तर ही सगळी माणसं एकमेकांची नातेवाईक कशी, आणि लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर त्यांना अचानक नातं कसं आठवतं?

गेली बावीस वर्षं मी इंग्लंडात राहून हेच काम करते. लोक आपल्या पूर्वजांचा धागा मागे नेत मध्ययुगापर्यंत येतात, आणि तो खरा आहे की कुणीतरी जोडलेला, हे जुन्या कागदांवरून तपासून द्यायचं असतं. त्या अनुभवावरून सांगते: तुमची अडचण नावांची नाही, साच्याची आहे. आपल्या डोक्यातली वंशावळ म्हणजे एक आडनाव, वरून खाली उतरणारे पुरुष आणि लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुली. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या वंशावळींत मुलींची नावंसुद्धा नसतात. हा साचा घेऊन बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंड-फ्रान्सकडे पाहिलं की काहीच जुळत नाही, कारण तिथे पिढ्यांमधून खाली उतरते ती जमीन. नाव जमिनीच्या मागून येतं, आणि कधी कधी येतही नाही.

यामागे एक कारण आहे आणि ते मराठी वाचकाला चटकन कळेल. आपल्याकडे वतनदाराला किंवा राजाला मुलगा नसला तर दत्तक घेता येत होतं. साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं ते कंपनीनं दत्तक मानायचं नाकारलं म्हणून. म्हणजे दत्तक हाच आपला नेहमीचा मार्ग होता. दुसरी बायको करणं हाही मार्ग होता. मध्ययुगीन इंग्लंड-फ्रान्सच्या सरदाराला हे दोन्ही मार्ग बंद होते. इंग्लंडात तर कायदेशीर दत्तक आलं थेट १९२६ साली. पहिली बायको जिवंत असताना दुसरी करता येत नव्हती, आणि लग्नाबाहेरचा मुलगा कितीही कर्तबगार असला तरी बापाच्या जमिनीचा वारस ठरत नव्हता. मुलं लहानपणी जात होती, तरुण मुलगे लढाईत आणि घोड्यावरच्या खेळांत मरत होते. मग उरायची ती मुलगी. तिला वारस मानणं हा मनाचा मोठेपणा नव्हता, तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. घराण्यात दोन-तीन पिढ्यांमागे एकदा तरी अशी वेळ यायचीच, म्हणून वंशावळीचे खरे सांधे मुलींच्या जागी असतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. हे एक समजलं की बाकीची दहा घराणी सोपी जातात.

विल्यम मार्शल हा धाकटा मुलगा होता, त्याच्या वाट्याला जमीन फारशी नव्हती. नाव कमावलं ते तलवारीवर. ११८९ साली त्याचं लग्न इसाबेल डी क्लेअरशी झालं, तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला आणि ती सतरा-अठराची. इसाबेलचा बाप स्ट्राँगबो या नावानं प्रसिद्ध असलेला रिचर्ड डी क्लेअर, आणि आई आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी ईफा. म्हणजे इसाबेलकडून मार्शलला वेल्सच्या सीमेवरचे किल्ले, वेल्समधल्या पेम्ब्रोकवरचा दावा, आयर्लंडचा मोठा तुकडा आणि नॉर्मंडीतली जमीन असं सगळं आलं. ही सोयरीक ठरवली कुणी? राजानं. बाप मेलेली वारस मुलगी राजाच्या ताब्यात असायची आणि तिचं लग्न लावून देण्याचा हक्क राजाचा असायचा. राजा तो हक्क बक्षीस म्हणून द्यायचा किंवा चक्क विकायचा. ११८५ साली इंग्लंडच्या बारा परगण्यांतल्या अशा विधवा आणि पोरक्या वारसांची यादीच राजाच्या अधिकाऱ्यांनी केली. कुणाचं वय काय, मुलं किती, जमिनीचं उत्पन्न किती, सगळं त्यात आहे. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटवता आलं नाही. आणि हा बाजार कुठवर जायचा? १२१४ साली जेफ्री डी मँडव्हिलनं राजा जॉनच्या सोडलेल्या बायकोशी, ग्लॉस्टरच्या इसाबेलाशी लग्न करण्यासाठी २०,००० मार्क (तेव्हाचं हिशेबाचं नाणं) कबूल केले. दुसऱ्याच वर्षी मॅग्ना कार्टात विधवेवर लग्नाची सक्ती करू नये असं कलम आलं, ते उगीच नव्हे.

परत मार्शलकडे येते. त्याला आणि इसाबेलला पाच मुलगे झाले आणि पाच मुली. १२१९ साली तो गेला तेव्हा घराणं अगदी भक्कम दिसत होतं. पण पाचही मुलगे एकामागून एक पेम्ब्रोकचे अर्ल, म्हणजे तिथले बडे सरदार, झाले आणि पाचही जण वारस न ठेवता मेले. शेवटचे दोघे १२४५ सालच्या अखेरीस काही आठवड्यांच्या अंतरानं गेले. मार्शल हे आडनाव त्या शाखेत संपलं. आपल्या साच्यात ही वंशावळ इथे थांबली असती.

तिथे ती इथून पुढे सुरू होते. इंग्लंडचा नियम असा की मुलगा असेल तर सगळं थोरल्याला, पण मुलगे नसून मुलीच असतील तर सगळ्यांना समान वाटा. म्हणून १२४७ साली मार्शलच्या मालमत्तेचे पाच भाग झाले. थोरली मॉड नॉर्फोकच्या बिगॉड घराण्यात दिली होती. तिच्याकडे वेल्समधलं चेपस्टो आणि आयर्लंडमधलं कार्लो, आणि मार्शल हे दरबारातलं पदही तिच्याच मुलाला मिळालं. दुसरी मुलगी इसाबेल, तिच्या वाट्याचं आयर्लंडमधलं किलकेनी ग्लॉस्टरच्या क्लेअर घराण्यात गेलं. सिबिलला सात मुली होत्या, म्हणून तिच्या पाचव्या हिश्शाचे पुन्हा सात भाग, म्हणजे एकेकीला मूळ जमिनीचा पस्तिसावा हिस्सा. ईव्हाचा वाटा तिच्या मुलींकडून मॉर्टिमर, बोहून आणि कँटिलूप घराण्यांत गेला. धाकटी जोन, तिच्या मुलीचं लग्न राजाच्या सावत्र भावाशी झालं आणि पेम्ब्रोक त्या व्हॅलन्स घराण्याकडे आलं. पुढच्या शंभर वर्षांत राजाशी भांडणारे, राजाला साथ देणारे, फाशी गेलेले बडे सरदार पाहा. त्यांतले कितीतरी या पाच बहिणींचे नातू-पणतू निघतात. तुमच्या प्रश्नातल्या राणी इसाबेलाबरोबर १३२६ साली जो इंग्लंडवर चाल करून आला, तो रॉजर मॉर्टिमर ईव्हाच्या मुलीचाच नातू.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. समान वाट्याचा हा नियम इंग्लंडचा. फ्रान्समध्ये ‘फ्रान्सचा नियम’ असं काही नव्हतंच, प्रांताप्रांताचा रिवाज वेगळा. कुठे थोरल्या मुलीला झुकतं माप, कुठे वाटण्या. त्यामुळे मला कुणी ‘मुलींना काय मिळायचं?’ असं विचारलं की मी आधी उलट विचारते: कुठे, कोणत्या साली, आणि कशातलं?

जमीन हलण्याची आणखी दोन कारणं आहेत, तुमच्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही. एक आंदण. मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं हे आपण शाळेपासून ऐकतो. तो १६६१ चा करार याच जुन्या रीतीतला. दुसरं कारण म्हणजे विधवेचा हिस्सा. नवरा मेला की त्याच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग बायकोकडे तहहयात. पॅरिसच्या आसपासच्या रिवाजात तर निम्मा. ती दुसरं लग्न करून दुसऱ्या घरात गेली तरी हा हिस्सा तिच्याबरोबर जातो आणि ती मरेपर्यंत पहिल्या नवऱ्याच्या वारसांना परत मिळत नाही.

यातून काय होतं ते पाहा. मार्शलच्या थोरल्या मुलाची बायको एलिनॉर ही राजा हेन्री तिसऱ्याची सख्खी बहीण. १२३१ साली ती सोळाच्या आसपास वयात विधवा झाली. आयर्लंड आणि वेल्समधल्या हिश्शाबद्दल तिला वर्षाला ४०० पौंड ठरवून दिले गेले, आणि ते कमी पडले असं ती पुढे आयुष्यभर म्हणत राहिली. १२३८ साली तिनं सिमॉन डी माँटफोर्ट या सरदाराशी लग्न केलं. भांडण आता त्याचंही झालं. १२५९ साली इंग्लंड-फ्रान्समध्ये तह व्हायचा होता. नॉर्मंडी वगैरे गेलेल्या प्रांतांवरचा हक्क एलिनॉरनंही सोडावा अशी फ्रान्सची अट होती. आधी माझा हिस्सा मिटवा, मग सही, असं तिनं धरलं. एका विधवेच्या हिश्शासाठी दोन राज्यांचा तह अडून राहिला.

तसंच पेम्ब्रोकचं. व्हॅलन्स घराण्यातला शेवटचा अर्ल १३२४ साली गेला. त्याची फ्रेंच बायको, सेंट पॉल घराण्यातली मेरी, त्यानंतर त्रेपन्न वर्षं जगली. आपला हिस्सा तिनं १३७७ पर्यंत सांभाळला आणि मधल्या काळात, १३४७ साली, केंब्रिजमध्ये पेम्ब्रोक कॉलेज स्थापन केलं. तुम्ही तक्त्यात फक्त जन्म, मृत्यू आणि लग्न लिहिणार असाल तर ‘पन्नास वर्षं ही जमीन वारसाकडे का नाही?’ हे कोडं कधीच सुटणार नाही.

आता नात्यातल्या लग्नांबद्दल. आपल्याकडे गोत्र बापाकडून येतं, आणि महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न आनंदानं होतं. तिकडे चर्चचा हिशेब आई आणि बाप दोन्ही बाजूंनी चालायचा. समाईक पूर्वजापासून दोघांपर्यंत पिढ्या मोजायच्या, आणि सातव्या पिढीपर्यंत नातं निघालं तर लग्न निषिद्ध. सात पिढ्या मागे गेलं तर सरदारांच्या त्या लहानशा जगात जवळजवळ प्रत्येक जण प्रत्येकाचा नातेवाईक निघतो. नियम पाळणं अशक्यच होतं, म्हणून १२१५ च्या लॅटरन परिषदेनं ही मर्यादा चार पिढ्यांवर आणली. शिवाय सासरच्या नात्याची आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या धर्मपित्याच्या नात्याचीही आडकाठी यायची. हे सगळं ओलांडायचं तर पोपकडून परवानगी आणायची.

म्हणजे जवळजवळ प्रत्येक बड्या लग्नात मोडण्याचं कारण पहिल्या दिवसापासून तयार असायचं. लग्न चाललंय तोवर कुणी ते काढत नाही. एलिनॉर आणि लुई सातवा यांचं लग्न ११३७ चं. नात्याची कुजबुज आधीपासून होती, ११४९ साली पोपनं स्वतः ते लग्न पक्कं करून हा विषय पुन्हा काढू नका असं बजावलं. पण पंधरा वर्षांत दोन मुलीच झाल्या आणि राजाला मुलगा हवा होता. मार्च ११५२ मध्ये धर्मसभेनं नात्याचं कारण दाखवून लग्न रद्द ठरवलं, आणि आठ आठवड्यांत एलिनॉरनं हेन्रीशी लग्न केलं. हाच पुढे इंग्लंडचा हेन्री दुसरा.

तुम्ही विचारलंत की हे नातं नेमकं काय. मोजून दाखवते. एलिनॉरची पणजी हिल्डगार्ड. हिल्डगार्डचा बाप बर्गंडीचा ड्यूक रॉबर्ट, हा फ्रान्सच्या राजा रॉबर्ट दुसऱ्याचा मुलगा. त्या राजापासून लुई चौथ्या पिढीत आणि एलिनॉर पाचव्या. आता हिल्डगार्डची आई पाहा, आंजूची एर्मेनगार्ड. तिचं आधी एक लग्न झालं होतं आणि त्या लग्नाच्या वंशात हेन्री आहे. एर्मेनगार्डपासून मोजलं तर हेन्रीही चौथा आणि एलिनॉरही चौथी. म्हणजे ज्या कारणानं लुईशी लग्न मोडलं, त्याच मापानं हेन्री तिला आणखी जवळचा होता. आणि दोन्ही नाती एकाच पणजीतून येतात, एक तिच्या बापाकडून आणि दुसरं तिच्या आईकडून. यासाठीच मी म्हणते की तक्त्यात बायकांची दोन्ही लग्नं आणि दोन्ही माहेरं लिहा.

नात्याचा पुरावा मात्र नेहमी असा खरा नसायचा. फ्रान्सच्या राजा फिलिप दुसऱ्यानं ११९३ साली डेन्मार्कच्या इंगेबोर्गशी लग्न केलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते मोडायच्या मागे लागला. पहिल्या बायकोच्या बाजूनं तिचं नातं लागतं असा तक्ता पुढे आला, फ्रान्सच्या बिशपांनी तो मान्यही केला. रोमनं मानला नाही, आणि वीस वर्षांनी इंगेबोर्ग राणी म्हणून परत आली. म्हणून जुना तक्ता आहे एवढ्यानं तो खरा ठरत नाही. कुणी, कधी आणि कशासाठी काढला ते आधी पाहायचं.

आता तुमच्या मुख्य कोड्याकडे, १३२८ कडे. इथे मराठीचा फार उपयोग होतो. माझ्या कामाच्या वह्यांमध्ये मी नाती नेहमी मराठीत लिहिते. इंग्रजी ‘कझिन’मध्ये चुलत, मामे, मावस, आते सगळे एकत्र होतात. जुन्या लॅटिन कागदांतला ‘नेपोस’ कधी नातू असतो, कधी पुतण्या, कधी भाचा. हक्क कोणत्या वाटेनं आला हे त्या शब्दांत दिसत नाही, आपल्या शब्दांत दिसतं. तर १ फेब्रुवारी १३२८ ला चार्ल्स चौथा मेला. बायको गरोदर होती, पण दोन महिन्यांनी मुलगी झाली. मागे उरले कोण? बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, इंग्लंडचा एडवर्ड तिसरा, वय पंधरा. काकाचा मुलगा, म्हणजे चुलतभाऊ, व्हॅलवाचा फिलिप, वय पस्तिशीच्या आसपास. आणि थोरल्या भावाची मुलगी, म्हणजे पुतणी, झान. ‘भाचा की चुलतभाऊ’ एवढंच पुस्तकांतून वाचायला मिळतं, पण या कोड्याची किल्ली पुतणीकडे आहे.

बारा वर्षं मागे जाऊ. ९८७ पासून १३१६ पर्यंत फ्रान्सच्या प्रत्येक राजामागे मुलगा होता. मुलीचा प्रश्नच कधी उभा राहिला नाही, म्हणून त्यावर नियमही नव्हता. १३१६ साली लुई दहावा मेला, त्याच्या मागे जन्मलेला मुलगा पाच दिवसांत गेला. उरली चार वर्षांची झान. तिच्या आईवर १३१४ साली व्यभिचाराचा आरोप सिद्ध मानला गेला होता, त्यामुळे मुलीच्या जन्मावरच संशय. आणि काका फिलिप (पुढचा फिलिप पाचवा, व्हॅलवाचा नव्हे) मोठा, कर्ता, कारभार हातात असलेला. त्यानं मुकुट घेतला आणि १३१७ च्या सभेत बाईला फ्रान्सचा मुकुट मिळत नाही असं ठरवून घेतलं. पाच वर्षांनी तो स्वतः फक्त मुली मागे ठेवून मेला आणि त्याच्याच नियमानं मुकुट धाकट्या भावाकडे, म्हणजे या चार्ल्स चौथ्याकडे, गेला. पुढे ज्याचा एवढा गाजावाजा झाला तो ‘सॅलिक कायदा’ (बाईला वारसा नाकारणारा जुना फ्रँक लोकांचा कायदा) या वेळी कुणी काढलेला नव्हता. तो आधार नंतर शोधला गेला.

आणि याच घरात बाकीच्या गोष्टी मुलींकडूनच येत होत्या. लुई, फिलिप आणि चार्ल्स या तिन्ही भावांची आई नावार या छोट्या राज्याची राणी आणि फ्रान्समधल्या शाँपेन प्रांताची काउंटेस (सरदारीण) होती, स्वतःच्या हक्कानं. फ्रान्सच्या राजघराण्याला १२८४ च्या त्या लग्नातूनच शाँपेन मिळालं. मुकुट घेणाऱ्या फिलिपची सासू माहो ही उत्तर फ्रान्समधल्या आर्तवा प्रांताची काउंटेस. तिचा भाऊ बापाच्या आधी वारला होता. १३०२ साली बाप लढाईत पडल्यावर भावाच्या मुलाला, रोबेरला, बाजूला ठेवून आर्तवा तिला मिळालं, कारण तिथल्या रिवाजात नातवापेक्षा जिवंत मुलगी जवळची. रोबेर आयुष्यभर त्या दाव्यासाठी झगडला, शेवटी त्याची बनावट कागदपत्रं पकडली गेली, आणि तो पळून एडवर्डच्या आश्रयाला इंग्लंडात गेला. आत्यानं हरवलेला तो भाचा पुढे एडवर्डच्या दरबारात बसला, जिथे आईकडून आलेल्या हक्काचीच चर्चा होती.

मग १३२८ मध्ये एडवर्डची बाजू कायद्यानं किती भक्कम होती? माझं मत स्पष्ट आहे: फारशी नाही. एडवर्डचं म्हणणं असं की बाईला मुकुट मिळत नसेल, पण तिच्यातून तिच्या मुलाला हक्क मिळू शकतो. पण बाईतून हक्क जातो असं एकदा मान्य केलं की मृत राजाच्या बहिणीच्या आधी थोरल्या भावाची मुलगी येते. झानला १३३२ साली मुलगा झाला, नावारचा चार्ल्स. त्या युक्तिवादानं तो एडवर्डच्या पुढे. झानला आणि तिच्या नवऱ्याला १३२८ मध्ये नावार देऊन शाँपेन सोडायला लावलं, ते या कारणानंच. एडवर्डनं १३२९ साली अमिआँला जाऊन राजा झालेल्या व्हॅलवाच्या फिलिपला आपला धनी मानलं, आणि फ्रान्सचा राजा ही पदवी उघडपणे घेतली ती १३४० साली, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या, इंग्लंडच्या राजाकडे असलेल्या गॅस्कनीवरून युद्ध पेटल्यानंतर. वंशावळ त्याच्याकडे आधीपासून होती, उपयोग तेव्हा झाला.

म्हणजे ‘मुली वारस होत्या का?’ याचं उत्तर: जमिनीच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी हो, वाटा रिवाजाप्रमाणे. फ्रान्सच्या मुकुटाच्या बाबतीत १३१६ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मग चार वर्षांच्या मुलीविरुद्ध ते ठरलं.

नावांबद्दल थोडं सांगते, कारण तुमचा तक्ता तिथेच तुटलाय. तुम्ही ‘इसाबेल डी क्लेअर’ एकच धरली आहे, त्या तीन आहेत. पहिली मार्शलची बायको, जन्मानं क्लेअर. दुसरी तिची मुलगी इसाबेल मार्शल, क्लेअर घराण्याच्या थोरल्या शाखेत लग्न करून गेलेली. तिसरी या दुसरीची मुलगी, जन्मानं पुन्हा क्लेअर. ती स्कॉटलंडच्या ब्रूस घराण्यात गेली आणि राजा रॉबर्ट ब्रूस तिचा नातू. सुरुवातीच्या काळात मीही दोन इसाबेल एक केल्या होत्या. एका कुटुंबाचं चार महिन्यांचं काम त्यामुळे मला नव्यानं करून द्यावं लागलं, आणि त्यांना आधी सांगितलेलं परत घेताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून कोणत्याही बाईचं नाव मी तिचा बाप, तिचा नवरा आणि तिच्याकडची जमीन यांच्याशिवाय लिहीत नाही. माटिल्डा, मॉड, माहो हे एकच नाव आहे हेही ध्यानात ठेवा.

पुरुषांच्या नावांवरही विसंबू नका. ‘फिट्झ’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ते सुरुवातीला पिढीगणिक बदलायचं. एडवर्ड तिसऱ्याचा मुलगा ‘गाँटचा जॉन’ म्हणजे घेंट शहरात जन्मलेला. प्लँटॅजेनेट हे नाव आपण हेन्री दुसऱ्यापासून सगळ्यांना लावतो, पण आडनाव म्हणून ते घेतलं पंधराव्या शतकात, यॉर्कच्या रिचर्डनं. आणि बोफर्ट? गाँटच्या जॉनला कॅथरीन स्विनफर्डपासून लग्नाआधी झालेल्या मुलांचं हे नाव. बोफर्ट ही शाँपेनमधली एक जहागीर. शाँपेनच्या काउंटची विधवा, आर्तवाची ब्लाँश, हिनं इंग्लंडच्या राजाच्या भावाशी लग्न केलं, तेव्हा ती तिच्या विधवेच्या हिश्शातून लँकेस्टर घराण्यात आली. त्याच ब्लाँशची पहिल्या लग्नाची मुलगी म्हणजे नावारची राणी, आपल्या इसाबेलाची आई. मुलांना ते नाव मिळालं तेव्हा जहागीर हातातून गेली होती किंवा जाण्याच्या बेतात होती. तरी इंग्लंडच्या हेन्री सातव्याच्या आईच्या नावात फ्रान्समधल्या एका विधवेचा हिस्सा असा टिकून आहे.

तक्ता पुन्हा मांडताना असं करा. घराण्याचं पान करू नका, जमिनीचं करा: शाँपेनचं एक, पेम्ब्रोकचं एक, आर्तवाचं एक. प्रत्येक पानावर कुणाकडे कधी होती आणि कशी आली ते लिहा: जन्मानं, लग्नानं, विधवेचा हिस्सा म्हणून, राजाच्या देणगीनं, की विकत. लग्नाच्या दोन तारखा ठेवा, कराराची आणि प्रत्यक्षाची. एलिनॉर-हेन्रीचा मुलगा आणि लुईची दुसऱ्या बायकोपासूनची मुलगी यांचं लग्न ११६० साली लागलं तेव्हा नवरा पाच वर्षांचा होता आणि नवरी दोनेक वर्षांची. आंदणातले सीमेवरचे किल्ले मात्र हेन्रीनं लगेच घेतले.

इंग्लंडच्या बाबतीत तेराव्या शतकापासून एक मोठा आधार मिळतो. राजाकडून थेट जमीन असलेला माणूस मेला की परगण्या-परगण्यात पंच बसवून चौकशी व्हायची: जमीन किती, वारस कोण, त्याचं वय काय. या चौकश्या लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय दप्तरात आहेत आणि बऱ्याच इंग्रजी सारांशात छापल्या गेल्या आहेत. वारस कोण यावर मी त्यांच्यावर बराच विश्वास ठेवते, वयावर कमी. ‘एकवीस आणि अधिक’ याचा अर्थ फक्त सज्ञान, तो तीसचाही असू शकतो. एकाच माणसाचं वय दोन परगण्यांत चार-पाच वर्षांनी वेगळं येतं. फ्रान्ससाठी अशी एकसलग सोय नाही, तिथे मठांना दिलेल्या दानपत्रांवरून आणि साक्षीदारांच्या नावांवरून सांधत जावं लागतं, म्हणून वेळ जास्त धरा. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत कागदाचा उल्लेख नसेल तर ती जोडणी पेन्सिलीनं काढा.

सुरुवात शाँपेनपासून करा. एलिनॉरच्या आणि लुईच्या दोन्ही मुली शाँपेन-ब्लवाच्या दोन भावांना दिल्या, आणि मग लुईनं तिसरं लग्न केलं ते त्या भावांच्या बहिणीशी. म्हणजे मुलींना सावत्र आई हीच नणंद, आणि लुई आपल्याच जावयांच्या बहिणीचा नवरा. हा एक चौकोन मराठी नात्यांत लिहून काढा, तिथून नावारच्या झानपर्यंत पाच-सहा पिढ्या उतरा, आणि कुठे अडलात तर तेवढा तुकडा इथेच टाका. मी पाहीन.